पाऊण घटकेची चूक

केशव जोशी कधी आकाशाकडे पाहत नसत. पंचांग करणारा माणूस आणि वर पाहत नाही, म्हणजे काय म्हणावं? पण नागपूरच्या महाल भागातल्या कुणी विचारलंच, तर जोशीबुवांचं उत्तर ठरलेलं असे. "वर काय पाहायचं? वरचं सगळं इथं उतरवून ठेवलंय." आणि ते समोरच्या कागदावर बोट टेकवायचे.

भोसल्यांच्या राज्यात त्यांचे पणजोबा घाटावरून नागपुरात आले ते गणिताची कोष्टकं बगलेत मारून. पुढे राज्य गेलं, इंग्रज आला, आगगाडी आली. कोष्टकं होती तिथंच राहिली. दर पाडव्याच्या आधी जोशीबुवांचं पंचांग छापून निघायचं आणि पार भिवापूर-कळमेश्वरपर्यंत लोक त्यावरून मुहूर्त काढायचे. माणूस गर्विष्ठ होता का? होता, बापा. पण एक गोष्ट होती. ग्रहणाचं गणित सुटलं की ते कागद दोन्ही हातांनी उचलायचे आणि देवघराकडे तोंड करून क्षणभर धरायचे. पोरानं पंतोजीला पाटी दाखवावी तसा. तेव्हा त्यांच्या तोंडावर गर्वाचा मागमूस नसे.

त्यांचा मुलगा मधुसूदन कॉलेजात विज्ञान शिकला आणि सीताबर्डीच्या एका शाळेत मास्तर झाला. तेव्हापासून घरात जेवणाच्या पंक्तीला वाद ठरलेला.

"नियम आहे म्हणजे नियम करणारा आहे," जोशीबुवा म्हणायचे. "चंद्र-सूर्य पळाचीही चूक करत नाहीत, ते काय आपल्या मर्जीनं? तुझ्या शाळेत नियम आहेत, ते हेडमास्तरानं केले म्हणूनच ना?"

"अप्पा, शाळेचा नियम पोरं रोज मोडतात. हा नियम कुणालाच मोडता येत नाही. मग तो हुकूम कसला? वस्तूंची रीत आहे ती."

"रीत कुणी लावली?"

"कुणी लावायलाच पाहिजे असं काहून म्हणता?"

मग जोशीबुवांच्या पत्नी यमुताई मध्ये पडायच्या. "भात निवून राहिला आहे. तो कुणाच्या नियमानं निवतो ते जेवून झाल्यावर ठरवा." सून उत्तरा पदराआड हसायची. असं सगळं बरं चाललेलं घर होतं.

अठराशे अठ्ठ्याण्णव साली पौषातल्या अवसेला भरदुपारी मोठं सूर्यग्रहण आलं. खग्रास पाहायला साहेबलोक दुर्बिणी घेऊन वऱ्हाडाकडे उतरल्याची बातमी होती. नागपुरात नखाएवढी कोर तेवढी उरणार होती. उत्तराला पाचवा महिना लागलेला. पहिलंच दिवस राहणं. यमुताईंनी तिला मधल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. पोटुशीनं ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, काही दुमडायचं नाही, चिमटीत साधी काडी मोडायची नाही. चिरलं तर पोराचा ओठ चिरतो. हे महालात सांगावं लागत नसे. सगळ्यांच्या आयांनी पाळलेलं होतं.

जोशीबुवांनी ओसरीवर पाण्यानं भरलेलं घंगाळ ठेवलं. त्यात बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडली. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे घड्याळाची चोवीस मिनिटं. ते दर बुडीला एक सुपारी बाजूला काढत बसले. शेजारचे लोक परातीत तेल ओतून त्यात सूर्याचं प्रतिबिंब पाहत होते. जोशीबुवांच्या मागेच परात होती. त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या गणिताप्रमाणे शेवटची वाटी बुडाली, तशी त्यांनी घंटा वाजवली आणि सांगितलं, "सुटलं. मोक्ष झाला."

उत्तरा सकाळपासून उपाशी होती. अंगावर दोन तांबे पाणी घेऊन ती स्वयंपाकघरात आली, विळी मांडली आणि वांगी चिरायला बसली. यमुताईंनीच सांगितलं, हात चालव, पोटातल्या जिवाला भूक लागली असेल.

जेवताना मधुसूदन हसू दाबत म्हणाला, "अप्पा, मी अंगणात काजळी धरलेल्या काचेतून पाहत होतो. तुमची घंटा वाजली तेव्हा सूर्याचा एक घास अजून बाकी होता. घड्याळ लावून मोजलं. पाऊण घटका चुकलात. साहेबांचं गणित मात्र मिनिटाला बरोबर."

जोशीबुवा ताटावरून उठले नाहीत इतकंच. घास मात्र त्यांच्या तोंडातच फिरत राहिला. वांग्याची भाजी चांगली झाली होती, असं नंतर कुणालाच आठवायचं नव्हतं, पण ती चांगली झाली होती.

ज्येष्ठात उत्तरा बाळंत झाली. मुलगा झाला. सुईण रंभाबाई खोलीच्या बाहेर आली ती पदरानं तोंड पुसत. "यमुताई, आत या वं. पोराचा ओठ फाटला आहे. टाळूही उघडीच आहे. मले नाही सुचून राहिलं काही."

पोराला चोखता येईना. कापसाच्या बोळ्यानं दूध घातलं की नाकातून बाहेर यायचं. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. नवव्या दिवशी सकाळी ते गेलं. उत्तरा रडली नाही. तिनं बोळा धुऊन दांडीवर वाळत घातला, आणि तो काढायला कुणाचा हात धजेना.

आणि मग लोक बोलू लागले. लोकांच्या तोंडाला काय, हात लावता येत नाही. "ग्रहणात विळी घेतली म्हणे. एक दुपार धीर धरवला नाही बयेला." हे जोशीबुवांच्या कानावर आलं. ते ओट्यावर उभे राहिले, सकाळी बायकांची पाण्याला वर्दळ असते तेव्हा, आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या सुनेनं काही केलं नाही. तिनं घंटा ऐकली. घंटा माझी होती. मी पाऊण घटका चुकलो. नातू मी मारला. बोलायचं असेल ते मला बोला."

जोशीबुवांनी त्या दिवसापासून मीठ सोडलं आणि एक वेळचं जेवण सोडलं. कोष्टकं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. पुढच्या पाडव्याला पंचांग निघालं नाही. हाडांवर कातडी तेवढी उरली. यमुताईंनी पाया पडून पाहिलं. ते म्हणायचे, "त्यानं एवढा चोख नियम आखून दिला, आणि मला मान वर करून पाहायचा आळस. शिक्षा भोगू दे मला." दुःख होतंच, पण बोलताना आवाज स्थिर असायचा. वर कुणीतरी आहे, त्यानं पाहिलं, त्यानं मोजलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यावर ते उभे होते.

मधुसूदनला ते बघवेना. त्याचाही जीव आत कुरतडत होता. काच हातात घेऊन तो अंगणात उभा होता. ओसरी दहा पावलांवर होती. तेव्हाच ओरडून सांगितलं असतं तर? बापाची गंमत जेवताना करू म्हणून तो थांबला. ग्रहणानं ओठ फाटतो यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, तरी ती दहा पावलं त्याला रोज आठवत. शेवटी तो सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर कृष्णकांतांकडे गेला. ते कलकत्त्याला शिकून आलेले. त्यांनी जाड पुस्तक उघडून त्याला चित्रं दाखवली. पोटातलं मूल महिन्यागणिक कसं घडतं त्याची.

त्याच दुपारी तो घरी आला. जोशीबुवा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते.

"अप्पा, तुमचा काही दोष नाही," तो धापा टाकत म्हणाला. "ओठ जुळतो तो तिसऱ्या महिन्याच्या आत. तेव्हा जुळला नाही तर मग कधीच जुळत नाही. ग्रहणाच्या वेळी उत्तराला पाचवा होता. तुमची घंटा वाजली त्याच्या किती आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बरोबर वेळी वाजली असती तरी तेच."

जोशीबुवांनी बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. तिथं अंगठा थांबला. गणिती माणूस. उत्तर बरोबर आलं की ते नाकारायची सोय नव्हती.

"म्हणजे कार्तिकात," ते म्हणाले. "कार्तिकात आपण काय चुकलो?"

"काहीच नाही."

"काकडआरती एक दिवस चुकवली नव्हती. तुळशीचं लग्न लावलं. उत्तरानंच ऊस बांधले होते मांडवाला."

"अप्पा, चुकण्याचा प्रश्नच नाही."

"मग कुणी केलं हे?"

"कुणी नाही. जुळायचं राहून गेलं. इतक्या पोरांमागे एकाचं राहतं, असं डॉक्टर म्हणाले. तोही एक नियमच आहे."

"नियम आहे," जोशीबुवा म्हणाले. मग सवयीनं पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. नियम आहे म्हणजे नियम करणारा आहे. आजवर किती जणांना या एका वाक्यानं त्यांनी गप्प केलं होतं. पण मग त्या करणाऱ्यानं, घरात काकडा पेटलेला असताना, कुणाची काही चूक नसताना, त्या एवढ्याशा ओठाला जुळू दिलं नाही. असा कोण असतो? आणि करणारा नसेल, तर इतकी वर्षं ते कागद उचलून कुणाला दाखवत होते? त्यांनी दोन्ही बाजूंनी गणित करून पाहिलं. कुठूनही सुटेना.

"मधू," ते म्हणाले, "मी चुकलो म्हणून पोर गेलं, हे वाईट होतं. पण त्यात कुणी तरी बघत तरी होता. मी गुन्हेगार होतो, पण कुणाचा तरी होतो. तू मला निर्दोष केलंस. आता मी कुणाचाच नाही."

"मी तुम्हाला सोडवायला आलो होतो, अप्पा."

"सोडवलंस. बरोबर सोडवलंस. तुझं गणित बिनचूक आहे."

माजघराच्या दारात उत्तरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मधुसूदनला वाटलं, निदान हिचा तरी भार उतरेल. ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "चूक झाली असती, तर पुढच्या खेपेला टाळता आली असती. आता मी काय टाळू?" आणि आत गेली.

त्या संध्याकाळपासून जोशीबुवा मीठ खाऊ लागले. यमुताईंनी आनंदानं पुरण घातलं. बिचारीला वाटलं, माणूस सावरला. ते दोन्ही वेळ जेवायचे, बोलायचे, पूजाही करायचे, पण पूजेला आता पूर्वीच्या निम्मा वेळ लागे.

तीन वर्षं पाळणा हलला नाही. एकोणीसशे एक साली उत्तराला पुन्हा दिवस राहिले, आणि नेमकं दिवाळीच्या अवसेला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दुपारी सूर्यग्रहण आलं. तिला तेव्हा पाचवाच होता. नशीबही कसं खेळतं बघा.

ग्रहणाच्या पंधरा दिवस आधी ती जोशीबुवांसमोर येऊन उभी राहिली. "मामंजी, वेळ तुम्ही काढा. इतर कुणाची नको."

"मुली, तुला ठाऊक आहे ना, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ठाऊक आहे. तरी तुम्ही काढा."

त्यांनी मधुसूदनकडून नवं गणित शिकून घेतलं. म्हातारपणी, पाटीवर, पोराच्या हाताखाली. आठ दिवस बसून त्यांनी ग्रहण लागण्याचा स्पर्श आणि सुटण्याचा मोक्ष काढला, तीनदा ताडून पाहिला. ग्रहणाच्या दुपारी घंगाळ मांडलं नाही. ते स्वतः अंगणात गेले, मधुसूदनची काजळी काच डोळ्याला लावली आणि जन्मात पहिल्यांदा मान वर करून उभे राहिले. मधुसूदन घड्याळ धरून शेजारी होता. सूर्यावरचा शेवटचा डाग सुटला तेव्हा कागदावरची वेळ आणि घड्याळाची वेळ एकच होती. मिनिटाचाही फरक नव्हता.

त्यांनी घंटा वाजवली. बाहेर रस्त्यावर "दे दान, सुटे गिराण" ची आरोळी उठली. ते मधल्या खोलीच्या दाराशी गेले. अंधारात उत्तरा भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती. दोन्ही हात पोटावर होते, आणि बोटं पसरलेली, काही चुकून दुमडायला नको म्हणून.

"मामंजी, नक्की सुटलं?"

"नक्की सुटलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग आता भीती नाही ना?"

तो ओठ जुळला होता की नव्हता, ते श्रावणातच ठरून गेलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तरी ते काय सांगतात याची ती वाट पाहत होती, आणि तिचे डोळे त्यांच्या तोंडावरून हलत नव्हते.

"नाही," केशव जोशी म्हणाले. "आता भीती नाही."

ती भिंत धरून उठली आणि आंघोळीला गेली. विळी दोन दिवस कोपऱ्यातच पडून राहिली. जोशीबुवा ओसरीवर येऊन बसले. मांडीवर गणिताचा कागद होता. सवयीनं त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि देवघराकडे वळले. इतकं बिनचूक गणित त्यांच्या आयुष्यात कधी आलं नव्हतं, आणि आता ते दाखवावं असं तिथं कुणी नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती मांडीखाली सारून दिली.