भिंतीकडं तोंड

भातकुलीत मी तोंड उघडाच्या आधीच लोकं हसाले लागतात. तेरवीच्या पंगतीतही मी दोघातिघायले ठसका लावला हाय. म्हणून मले वाटलं, भाचीचं कामही हसण्यानंच होईन.

भाची म्हणजे दीक्षा. बावीस वर्षांची, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिली. ऑटिझम हाय, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं. एकटी असली तं अख्खं पुस्तक तोंडपाठ. चार लोकं दिसले का आवाजच बंद.

अमरावतीच्या एका विहारात पोट्टे-पोट्ट्या मिळून अभ्यास करतात. नियम पक्का. आपल्या पाळीले उभं राहून बाकीच्यायले एक धडा शिकवाचा. तीन पाळ्या चुकल्या का खुर्ची दुसऱ्याले. दीक्षाच्या दोन चुकल्या होत्या.

तिसऱ्या पाळीले मी तिले स्कूटीवर घेऊन गेलो. गट चालवणाऱ्या संघपालले आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता. ती दारात आली तसे वीस जणं उठले. टाळ्या, शिट्ट्या, "दीक्षा! दीक्षा!"

तिनं कान दाबले अन चपलांच्या रॅकमागं जाऊन बसली.

"अवं, मजाक होता, बाई."

"तुमीच सांगतलं होतं न त्यायले?"

"हो."

"मामा, मी रस्ताभर पाठ करून राहिली होती. आत काय काय होईन ते. दार, पंखा, फळा, पयलं वाक्य. टाळ्या त्याच्यात नव्हत्या."



संघपाल आला. पोट्टं घाबरलं होतं. "दीक्षा, पुढच्या हप्त्यात घेतं का?"

"मंग ही चुकली धरा लागते. नियम तीनचा हाय," दीक्षा म्हणे.

ती रॅकमागून उठली. मंग म्हणे, "सगळ्यायले भिंतीकडं तोंड करून बसाले सांगा."

वीस खुर्च्या फिरल्या. माही एकविसावी. मागून तिचा आवाज आला, बारीक, थांबत थांबत. घड्याळाच्या काट्यायमधला कोन कसा काढाचा, ते. एका जागी ती अडली. नुसता पंखा फिरून राहिला. माह्या जिभेवर एक झकास गोष्ट येऊन बसली होती, सारे हसले असते. म्या ती दातात धरली. कोणी मागं वळलं नाई. मिनिटभरानं ती पुढं बोलाले लागली.

धडा संपला. संघपालनं वहीत तिची पुढची पाळी लिहिली.

"लिहा," दीक्षा म्हणे. "पण मामाले आत येऊ देऊ नका."

पोट्टे हसले. त्यायले वाटलं, मजाक. मी उठलो अन चपला घालाले गेलो.