चाक मागं फिरवू नये

धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकला तसा नागराजनं यंत्रमाग बंद केला आणि घर एकदम गप्प झालं. त्या गप्पपणात स्वयंपाकघरात वाटी खणकन पडली. खडखडाट थांबला की चार वर्षांची सौम्या झोपेतून उठायचीच. उठली ती थेट चिवड्याच्या डब्याला जाऊन भिडली होती.

मंजुश्रीनं लॅपटॉप मिटला. लेकीची झोप हाच तिच्या कामाचा वेळ. बाहेर तिचा नवरा नागराज मागाचं चाक हातानं मागं फिरवत होता, हळू, अंदाजानं, अडकलेला धोटा सुटेपर्यंत. ती बघत राहिली आणि तिला काल लिहिलेलं एक वाक्य आठवलं.

लॅपटॉप पुन्हा उघडला. काल पाठवलेलं काम: ब्राझीलच्या एका कंपनीच्या सरकत्या जिन्याचं माहितीपुस्तक, पोर्तुगीजमधून इंग्रजीत. पणजीला आत्याकडं राहून ती भाषा शिकली होती. सरकता जिना संपतो तिथं पायऱ्या जमिनीखाली जातात आणि त्या तोंडाशी धातूच्या दातांची फणी असते. तिथं काही अडकलं तर वीज तोडा, आधी फणीचा तुकडा काढा, तोवर पायऱ्या मुळीच हलवू नका, असं मूळ पुस्तकात होतं. आणि मंजुश्रीनं लिहिलं होतं: पायऱ्या हातानं हळूच मागं फिरवून अडकलेलं काढा.

बोरगावात मागाशेजारीच वाढलेली पोर. अडकलं की मागं फिरवायचं, हे अंगात इतकं मुरलेलं, की डोळ्यांनी वाचलं एक आणि बोटांनी लिहिलं भलतंच.

तिनं बेंगळूरच्या एजन्सीत फोन लावला. तिथला आदर्श मूळचा निपाणीचा.

“मॅडम, क्लायंटनं पास केलंय. छापायला चाललंय. आता चुकलं म्हणून सांगायचं? आमची लाज काढताय व्हय?”

“अडकलेलं म्हणजे पोराचं पाऊल पण असतंय, आदर्श.”

“ते पुस्तक वाचतंय कोण? मेकॅनिक आपल्या अकलेनं करत्यात.”

“मग भाषांतर कशाला करून घेता?”

“हे बघा, क्लायंटला परस्पर लिहायचं न्हाय. लिहिलंत तर आमच्याकडचं काम बंद, सांगून ठेवतो.”

सासूबाई, सोनाबाई, कोपऱ्यात चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या. कान सगळे इकडंच.

“कुणी बोट दावलं न्हाय, आन् तूच आपलं नाव सांगत सुटलीस? लई शानी हाईस.”

“आत्ती, बोट दावणारा यायच्या आधी कुणाचं तरी बोट जाईल.”

“काम गेलं तर माझ्यासंगं कांड्याच भरायच्यात, ध्यानात ठेव.”

“भरीन की! कांड्या भरायची लाज न्हाय मला. असलं वाक्य लिहून गप बसायची लाज हाय.”

सोनाबाईंनी चरखा तेवढा जोरात फिरवला. नागराज दारात येऊन उभा राहिला होता.

“नीट इचार केलास?”

“केला.”

“मग पाठव. चहा मी टाकतो.”

तिनं सरळ त्या कंपनीलाच पोर्तुगीजमध्ये लिहायला घेतलं. आधी माफीच्या चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. माफी वाचूनच माणूस कंटाळतो, पुढचं राहून जातं. चूक माझी आहे, वाक्य हे असं हवं, छपाई थांबवा. खाली आपलं पूर्ण नाव आणि गाव घातलं, आणि पाठवलं. त्याची नक्कल आदर्शलाही धाडली. लपवायचं कशाला?

चहाचा कप रिकामा होईस्तोवर एजन्सीचा पासवर्ड चालेनासा झाला. मंजुश्रीनं एकदा बघितलं, “बरं” म्हणाली आणि सौम्याला मांडीवर घेऊन तिच्या ओठांवरचा चिवड्याचा चुरा पुसला.

“आई, कुणाला लिहिलंस?”

“लांबच्या लोकांना. जिन्यात कुणाचा पाय अडकला तर काय करायचं ते.”

“आधी चुकीचं सांगितलं हुतंस?”

“व्हय.”

“आन् आता बरोबर?”

“आता बरोबर.”

सौम्यानं जरा वेळ आपल्याच पायाचा अंगठा दाबून बघितला.

“पण आई, कुणी आधीचंच वाचलं असलं तर?”