करुणाचं गणित

चूक माझी होती आणि तिची शिक्षा करुणाने भोगली. आधी हे सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा शेपूट घालीन.

आम्ही दोघं शिरूरच्या कॉलेजात एका वर्गात होतो, पुढे पुण्यात एकाच सरांकडे संशोधनाला लागलो. विश्वाला फुगवणारी डार्क एनर्जी एखाद्या प्रवाही पदार्थासारखी असेल, तर दीर्घिकांचे पुंजके कसे जमतील, हे आम्ही कॉम्प्युटरवर तपासत होतो. माझ्या उत्तरात पुंजके कमी जमले, करुणाच्या उत्तरात जास्त. सरांनी विचारलं तेव्हा मी हसत म्हणालो, "करुणाचं गणित पहिल्यापासून कच्चं आहे, सर."

माझं उत्तर छापून आलं. दोन महिन्यांत करुणा संशोधन सोडून तळेगाव ढमढेऱ्याला शाळेत शिकवायला लागली. मी डॉक्टर झालो. खुटबावात, माझ्या गावी, माझा सत्कार झाला, आणि मी निर्लज्जासारखा फेटा बांधून घेतला.

२००४ च्या डिसेंबरात घरी गेलो. माझ्या वडिलांनी, आबांनी, अजूनही चाळीस मेंढरं ठेवलीत. खतासाठी ती लोकांच्या शेतात बसवतात. सकाळी त्यांच्याबरोबर मेंढरांभोवतीची जाळी काढायला गेलो. थंडीने बोटं वळत नव्हती. तू करतोस तरी काय, असं आबांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"मेंढरं जमत्यात तशा दीर्घिका जमत्यात, आबा. म्हंजी ताऱ्यांचे कळप. आन् डार्क एनर्जी त्यांच्यामधली हवा. सगळीकडं सारखीच."

"सारखी कशी आसंल? हात घाल की मधी."

घातला. दाटीत चांगली ऊब होती. बाहेर काढताच बोटं गारठली. मेंढरं जमली होती तिथली हवाही बदलली होती. मी मात्र प्रोग्रॅममध्ये डार्क एनर्जी सगळीकडे सारखी धरली होती. करुणाने तिलाही दीर्घिकांबरोबर गोळा होऊ दिलं होतं, म्हणून तिच्याकडे पुंजके जास्त जमले होते. धनगराच्या पोराला एवढं कळू नये! मला आबांकडे बघवेना.

पुण्याला जाऊन आठवडाभर पुन्हा गणित केलं. करुणाचंच उत्तर आलं.

मग जीपने तळेगावला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात ती वह्या तपासत बसली होती. मी सगळं सांगितलं. "चूक माझी होती. तुझं बरोबर होतं, करुणा."

तिने वहीचं पान उलटलं.

"सरांना सांगितलंस?"

"न्हाई अजून. आधी तुला सांगावं म्हटलं."

"मला कशाला, मल्हार?" ती म्हणाली. "मला ठाऊकच व्हतं."