न बघता दिलेलं औषध

मंगळवारी वळसंगच्या रुद्रप्पांची गाडी सोलापूरच्या बाजाराला निघे. गाडीत भाकरीची चवड, तुरीचं पोतं आणि सून शिवम्माच्या औषधाची धुतलेली बाटली. त्या घरात आजारी बायका पडत. दवाखान्यात पुरुष जात. बाईचं दुखणं पुरुषानं सांगायचं आणि बाटली भरून आणायची, अशी रीतच होती.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तेराव्या दिवशी शिवम्मानं विहिरीवर भरली घागर उचलली आणि तिचं अंग बाहेर आलं. गर्भाशय खाली सरकलं. बसलं की खुपे, उठलं की ओढ लागे. पण सासऱ्याच्या कानावर हे घालायचं कसं? तिनं "पोट दुखतंय" एवढंच सांगितलं. पोटदुखीच्या चार बाटल्या संपल्या. शेवटी काल तिनं रडत रडत सासूला, शिवबाईला, खरं काय ते सांगून टाकलं.

आज रुद्रप्पा तणतणतच परतले. "डॉक्टरला माज आलाय! म्हणतो, सुनेला घिऊन या, आमच्या डॉक्टरीणबाई बघतील. बघितल्याबिगर थेंब द्यायचा न्हाय."

चुलीपुढं शिवम्माचा हात थांबला. बघणारी बाई आहे! तिच्यापुढं तोंड उघडता येईल.

"मग न्यायची का?" शिवबाईनं हळूच विचारलं.

"खुळी हायस का? गाव इचारंल, काय रोग हाय. आपल्या पोरीचं लगीन ठरत आलंय, ते मोडायचंय व्हय? नुसतं पोटच दुखतंय न्हवं?"

शिवम्मानं सासूकडं पाहिलं. सासूनं आता एक शब्द बोलायला हवा होता.

शिवबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "पोटच की."

"मग दुसऱ्या डॉक्टरकडनं आणू," म्हणत रुद्रप्पा जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवबाईनं माजघराचं दार लावलं आणि जुनं लुगडं टरकन फाडलं. "असं घट्ट बांधायचं. वजन उचलताना दात दाबून धरायचे."

"आत्याबाई, तुमाला कसं ठावं?"

"तुज्या नवऱ्याच्या येळच्या बाळंतपणापासनं हेच हाय मला. सव्वीस वर्सं."

"कुणाला सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की. माज्या सासूला. तिनंबी लुगडंच फाडलं."

वाचकहो, आपल्या घरातल्या बाईला सगळ्यांत जास्त काय सलतं, हे आज तिलाच विचारा. ती "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर उठून जाऊ नका.