दहावं काडतूस

गुणवंतरावांनी बंदूक टेबलावर आडवी ठेवली आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं,

"रिकामी आहे."

हवालदार सलीमाबाईंनी रजिस्टरवरून मान वर केली नाही.

"सकाळपासून सगळ्यांच्या रिकाम्याच येऊन राह्यल्या, भाऊ. बसा."

जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली होती. निकाल लागेपर्यंत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, असा हुकूम. रानडुकरांपासून धान राखायला घेतलेल्या बंदुका टॉवेलात, पोत्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून शेतकरी बाकावर बसले होते. सगळ्यांचे चेहरे लेक सासरी धाडून आल्यासारखे. हसरे तेवढे एकटे गुणवंतराव.

"भाऊ, तिकीट भेटून राह्यलं का तुमाले?" शेजारच्या लटारूनं डिवचलं. "दीड वर्षापासून निवडणूक कवा, निवडणूक कवा, लावलं होतं."

"तुले नाई समजत," म्हणत गुणवंतरावांनी मांडीवरची बादली सावरली. लहान, गुलाबी, वाळूत खेळायची बादली.

लटारूला चांगलं समजत होतं. अख्ख्या गावाला समजत होतं. बायको गेल्यापासून गुणवंतराव चार खोल्यांत एकटे राहत आणि त्यातल्या तीन खोल्या नुसत्या झाडत. मुलगा विक्की नागपुरात. दीड वर्षापूर्वी उन्हाळ्यात त्याची मुलगी उर्वशी आली होती, तेव्हा पाच वर्षांची. तिनं कणगीमागची बंदूक ओढत ओढत बाहेर आणली, खाटेच्या कडेवर टेकवली आणि आबाजींवर, म्हणजे आजोबांवर, धरली. "ठो," ती म्हणाली. आबाजींनी दोन्ही हात वर केले आणि "मेलो, मेलो" करत खाटेवर अंग टाकलं. पोरगी खिदळली. सून चंदा चुलीपासून धावत आली, बंदूक हिसकावली आणि भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभी राहिली.

"रिकामी आहे, बाई," गुणवंतराव हसत म्हणाले होते.

"पाह्यलं का तुमी, मामाजी? उघडून?"

त्या घरात त्यांना असं कधी कोणी विचारलं नव्हतं.

"मी रिकामी म्हणतो म्हणजे रिकामी."

संध्याकाळच्या गाडीनं चंदा पोरीला घेऊन गेली. बंदूक या घरात आहे तोवर उर्वशी येणार नाही, एवढंच बोलून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

गुणवंतरावांनी बंदूक तुळईला टांगली आणि त्यानंतर एकदाही उघडली नाही. उघडून पाहणं म्हणजे सुनेच्या संशयाला पाट मांडून बसवणं. परवान्याच्या वहीत काडतुसं दहा आणि डब्यात नऊ, हे त्यांना ठाऊक होतं. एखाद्या रात्री शेताच्या धुऱ्यावर आवाजासाठी उडवलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घालून टाकली. मान इतकी ताठ की नळीत पाहायलाही वाकेना.

आता सरकारनंच तोड काढली होती. बंदूक ठाण्यात म्हणजे घरात नाही. उद्या नवाच्या गाडीनं विक्की उर्वशीला घेऊन येणार होता, आठ दिवसांसाठी.

सलीमाबाईंनी बंदूक उचलली. नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडे केलं, कळ दाबून बंदूक मधोमध मोडली आणि थांबल्या. मग नखांनी काहीतरी ओढू लागल्या. ते बसून गेलं होतं. हिसका द्यावा लागला. तांबडं काडतूस, पितळी बूड हिरवट पडलेलं. त्यांनी ते रजिस्टरवर उभं ठेवलं.

लटारू मान लांबवून पाहू लागला.

"सोबत किती आणले?" बाईंनी विचारलं.

"नऊ."

"वहीत दहा आहेत." त्यांनी दहा लिहिलं. "जुळले, भाऊ."

गुणवंतरावांचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले, खांद्यापर्यंत आले आणि तिथंच राहिले. बादली खाली पडून दारापर्यंत घरंगळत गेली.

"लहान पोरीच्यानं घोडा नसता ना ओढल्या गेला?" ते म्हणाले. "पाच वर्षांच्या?"

बाईंनी बादलीकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे.

"माह्या पोरीनं, जोयानं, त्या वयात कुकरचं झाकण उघडलं होतं," त्या म्हणाल्या. "मी नाई सांगू शकत, भाऊ. हात खाली घ्या."

पावती घेऊन ते बाहेर कडुलिंबाखाली बसले. लटारू गावभर सांगणार, यात शंका नव्हती. पण गावची बातमी नागपूरपर्यंत जात नाही. बंदूक कुलपात. उद्या पोरगी येणार. मध्ये कशाचीच अडचण नव्हती.

फोन वाजला. चंदाचा होता.

"मामाजी, जमा झाली का जी?"

"झाली."

"मंग हे उद्या निघतेत नवाच्या गाडीनं. उर्वशीनं बॅग भरून ठेवली कालच."

मागून पोरीचा आवाज येत होता. ती कोणाला तरी काहीतरी मोजून दाखवत होती. गुणवंतरावांनी पावतीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"चंदा, रिकामी नव्हती."

मोजणं चालू होतं. सात, आठ.

"त्या दिवशीही?"

"त्या दिवशीही. तवापासून उघडलीच नाई मी."

कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग फोन बंद झाला. तिनं ठेवला की रेंज गेली, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पुन्हा लावून पाहिला नाही.

ते उठून आत गेले. बाक आता रिकामा झाला होता. कोणीतरी बादली उचलून टेबलाखाली ठेवली होती.

"बाई, निकालानंतर परत न्यायचीच नसली तं?"

"अर्ज करा लागते, परवाना सोडतो म्हणून." सलीमाबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "कारण लिवा. सगळे वयोमानामुळं लिवतेत."

गुणवंतरावांनी पेन बराच वेळ कागदावर धरून ठेवलं. मग सावकाश, शाळेतल्यासारखी अक्षरं काढत लिहिलं: घरी नातीचं येणं-जाणं असते.

बाईंनी वाचलं. शिक्का मारता मारता विचारलं,

"मंग कवा येऊन राह्यली नात?"

गुणवंतराव वाकले, टेबलाखालची बादली काढली, तिला लागलेली धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

"अर्जात तं लिवलं आहे," ते म्हणाले.