जानेफळच्या मास्तरांचा बॉल

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, हे चामड्याचं गाठोडं इथं शाळेच्या कोनाड्यात कशाला ठेवलंय? पण मी गाठोडं नाही. मी एक जुना व्हॉलीबॉल आहे. एके काळी मी हवेत उंच गेलो की मैदानाभोवतीची माणसं बोलता बोलता गप्प व्हायची.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं दोऱ्याला मेण लावून माझ्या पट्ट्या शिवल्या, पोटात रबराची पिशवी घातली आणि तोंडाशी बुटासारखी नाडी ओवली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी आगगाडीनं अकोल्याला आलो. तिथल्या एका कापड गिरणीचा संघ होता, त्या संघासाठी.

तिथंच मला शेषराव भेटले. मूळचे बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळचे. त्यांची हजेरी लागायची सूतखात्यात, पण पगार मिळायचा तो खेळण्याचा. ते जाळीजवळ उभे राहून मला उचलून देत आणि दुसरा कुणी उडी घेऊन मला पलीकडे हाणी. उचलून देणाऱ्याला बूस्टर म्हणत. टाळ्या हाणणाऱ्याला पडायच्या. पण खरं सांगू? शेषरावांच्या बोटांना मी लागलो तरी आवाज होत नसे. झोपलेलं लेकरू एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं आणि त्यानं डोळासुद्धा उघडू नये, तसे ते मला वर सोडत. नागपूर, अमरावती, भुसावळ, किती मैदानं पाहिली मी त्यांच्या हातून! कुणी म्हणे, "शेषराव डोळे झाकूनही बॉल बरोबर देतील." ते दिवस आठवले की माझ्या सुकलेल्या चामड्यालाही ऊब येते.

मग एका सामन्यात त्यांची करंगळी मोडली. ती बसली, पण वाकडी बसली. गिरणीनं नवा, तरुण बूस्टर आणला. साहेबांनी विचारलं, "शेषराव, जाताना काय पाहिजे?" शेषरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

असा मी जानेफळला आलो. घरी त्यांची बायको शालूबाई आणि नुकतं बसायला लागलेलं बाळ. ते बाळ मला धरूनच उभं राहायला शिकलं. त्याच्या हिरड्या शिवशिवत, तेव्हा ते माझी नाडी चघळी. मला राग नाही आला. उलट, त्या इवल्या ओल्या तोंडाशी असताना मला गिरणीतल्या टाळ्यांची आठवणही होत नसे.

गावाच्या कडेला उत्तमरावांचं शेत होतं, त्यातला एक पट्टा पडीत होता. तिथं बल्ल्या रोवून शेषरावांनी जाळी बांधली आणि गावातल्या तरुणांना ते खेळ शिकवू लागले. सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. पण शिकवणं दूरच राहिलं. रोज संध्याकाळी मास्तर स्वतःच जाळीजवळ उभे! पोरं नुसती पाहत राहायची. एक दिवस शालूबाई बाळाला कडेवर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काहो, तुम्ही शिकवून राह्यले का खेळून राह्यले?"

सगळे हसले. शेषराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवली, रेषेबाहेर उभे राहिले आणि आपल्या जागेवर कडूबाला उभं केलं.

कडूबा म्हणजे सालदाराचा मुलगा, वीस वर्षांचा, हात नांगराच्या मुठीसारखे राठ. सुरुवातीला तो मला असा ढकलायचा की मी थेट शेताच्या काटेरी कुपाटीत. "कडूबा, बॉल उचल बे, गोफणीतला धोंडा नोको फेकू!" मास्तर ओरडत. पण दोन वर्षांत त्या राठ बोटांना मऊपणा कळला. मी त्याच्याही हातून बिनआवाजाचा वर जाऊ लागलो.

त्या वर्षी उत्तमराव म्हणाले, "शेषराव, पोळ्याच्या करीले उंद्रीवाले खेळाले येऊन राह्यले म्हनते. जिंकले त मैदान तुमचं. हारले त मी नांगर घालतो, करडी पेरतो." 

म्हणजे आमचं सगळं त्या एका सामन्यावर आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला आमच्याकडे कर म्हणतात, उंद्रीचा संघ चिखली तालुक्यातून ट्रकमध्ये बसून येणार होता.

पोळ्याच्या दिवशी कडूबानं मला घरी नेलं. बैलांना आंघोळ झाली, शिंगांना लाल हिंगूळ लागला, घुंगरमाळेच्या चामडी पट्ट्यांना एरंडेल चोळून झालं. मग त्याची नजर माझ्यावर गेली. वर्षभर राबतो त्याला पोळ्याला सजवायचं, ही रीत. राबत तर मीही होतो! त्यानं वाटीभर एरंडेल माझ्या अंगात मुरवलं, शिवणी ओल्या केल्या, वरून हिंगुळाचे दोन पट्टे ओढले. इतक्या मायेनं मला कधी कुणी चोळलं नव्हतं. मी तृप्त झालो होतो, मित्रांनो. आपलं काय होणार आहे, हे मलाही कळलं नाही.

सकाळी मैदानावर मी गेलो तो जड, निसरडा आणि लाल. खोगीर आणि घुंगरमाळा शिवणारे रहेमतुल्लाचाचा मला हातात घेऊन म्हणाले, "कडूबा, हा बॉल हाय का कढईतून काढलेली पुरी?" उंद्रीवाले पोट धरून हसले. "चालते आम्हाले," त्यांचा कॅप्टन म्हणाला, "फक्त पुरन नोको गळू देजा!" दोन्ही गावांत मिळून दुसरा बॉल नव्हता.

पहिला डाव पंधरा-सहानं गेला. कडूबाच्या बोटांतून मी माशासारखा सुटत होतो. उत्तमराव कडेनं ओरडले, "शेषराव, तू उतर बे! मैदान जाईन तुयं!" खेळणारेही म्हणाले, "मास्तर, आता तुम्हीच या."

शेषरावांनी चपला काढल्या. शिट्टी गळ्यातून काढली. मला हातात घेतलं, आणि सवयीनं एकदा हलकंच वर सोडून झेललं. किती दिवसांची भूक होती ती! ते रेषेच्या आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबा मान खाली घालून आधीच बाहेर निघाला होता. त्याच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव होता. आज हा बाहेर गेला, तर पुन्हा कधी जाळीजवळ उभा राहायचा नाही.

शेषरावांनी चपला पुन्हा पायात घातल्या.

"शालू, चुलीतली राख आन," ते म्हणाले. शालूबाईंनी सूपभर राख आणली. मास्तरांनी ती मला चोळली आणि कडूबाच्या हातालाही. "आता आयक. बॉल जड झाला. बोटानं नोको उचलू, गुडघ्यानं उचल. कापसाचं गाठोडं डोक्यावर देतं ना, तसं. आनं लय उंच नोको, जवळच दे."

"मास्तर, नाही झालं त?"

"त नाही झालं. पन मी येत नाही."

दुसरा डाव आम्ही जिंकला. तिसऱ्यात तेरा-तेरा झाले. कडूबानं गुडघे वाकवले, मला उचललं, स्मॅशरनं हाणलं, आणि तेलानं नरमलेली माझी शिवण फाटली. फाट्ट! माझं चामडं उंद्रीच्या बाजूला पडलं, रबरी पिशवी जानेफळच्या.

काय भांडण झालं! पॉईंट कुणाचा? "अर्धा तुमचा, अर्धा आमचा," कुणी म्हणालं. शेवटी ठरलं की पुढच्या करीला इथंच, तेरा-तेरापासून पुढं खेळायचं. तेव्हा उंद्रीचा कॅप्टन उत्तमरावांना म्हणाला, "पाटील, तवरोक मैदान नांगरलं, त आम्ही समजू जानेफळ भेलं."

उत्तमरावांच्या मिशा फुलल्या. "कोन नांगरते? नांगर आनला त त्याच्याच पाठीवर मोडीन!"

मैदान वाचलं. पुढच्या करीला नवा बॉल आला, कडूबानं लागोपाठ दोन नेमके बॉल दिले आणि पाच मिनिटांत जानेफळ जिंकलं. मला रहेमतुल्लाचाचांनी शिवलं खरं, पण हवा राहिली नाही.

मी फाटलो त्या संध्याकाळी कडूबा मास्तरांच्या ओट्यावर रडत बसला होता. "मीच मारलं त्याले." मास्तर म्हणाले, "तेल लावलं बे, लाथ त नाही मारली. फक्त आधी पाहत जाय, कोनाले काय पाह्यजे."

मित्रांनो, एवढंच तुम्हालाही सांगायचं आहे. मला तेल नको, कोरड्या फडक्यानं पुसलंत तरी पुरे. आणि शेषराव आता थकले आहेत. त्यांना भेटायला गेलात तर शाल-नारळ नेऊ नका. बॉल घेऊन जा, समोर उभे राहा आणि विचारा, "मास्तर, माझं कुठं चुकतंय?" मग पाहा. शालूबाईंनी ठेवलेला चहा निवून जाईल, पण त्यांचं सांगणं संपणार नाही.