पोलादपूरचे गोदाम

“इथे, मॅडम. शेवटच्या पानावर.” ऋत्विकने गोदाम बंद करण्याचा अहवाल साखरेच्या पोत्यावर उघडून धरला आणि पेन पुढे केले.

प्रा. माहरुख मुकादम यांनी पेन घेतले, पण त्या वाकल्या नाहीत. गोदामाच्या दाराशी दोन हमाल तेलाचे डबे टेम्पोत चढवत होते. टेम्पो वरच्या वाड्यांना जाणारा होता.

“हा कुठवर जातो?” त्यांनी विचारले.

“डोंगरातल्या शेवटच्या दुकानापर्यंत. आता तो थेट पनवेलहून निघेल. दुसऱ्या दिवशी माल पोचेल. इथलं भाडं, माणसं, नासाडी, सगळं वाचतं.” ऋत्विकने पोत्यावर थाप मारली. “तुम्हीच शिकवलंत, मॅडम. साठा म्हणजे झोपलेला पैसा.”

“तो झोपलाय की पहारा देतोय, हेही पाहायला शिकवलं होतं. त्या तासाला तू नसशील.”

ऋत्विक हसला. तो त्यांचा आवडता विद्यार्थी होता आणि आता, हे गोदाम ज्या किराणा कंपनीचे होते, तिचा पुरवठाप्रमुख. दाराला टेकून उभा असलेला नासिर मात्र हसला नाही. माहरुखबाईंचा हा धाकटा भाऊ महाडमध्ये वडिलांचा ट्रकचा धंदा चालवत होता. गोदाम बंद झाले, तर पनवेलच्या फेऱ्या त्याच्या गाड्यांना मिळायच्या होत्या.

वडिलांच्या त्याच ट्रकच्या कचेरीत, ड्रायव्हरांच्या तक्रारी ऐकत माहरुखबाई मोठ्या झाल्या. पुढे मुंबईच्या एका व्यवस्थापन संस्थेत त्यांनी आयुष्यभर उत्पादन आणि पुरवठा साखळी हा विषय शिकवला. सुरुवातीच्या काळात कारखान्यांच्या फाटकावर पहारेकरी विचारत, सर मागून येतायत का? सहकारी त्यांना ट्रकवाल्या बाई म्हणत, कारण परदेशी मोटारींच्या उदाहरणांनी भरलेल्या विषयात त्या सावित्री नदीच्या पुरात अडकलेला ट्रक आणून उभा करत. या नावाचा त्यांनी कधी राग मानला नाही. चार वर्षांपूर्वी याच कंपनीच्या देणगीतून संस्थेत पुरवठा साखळीचे अध्यासन सुरू झाले आणि त्या त्याच्या प्रमुख झाल्या. गोदाम बंद करण्याला कंपनीच्या संचालक मंडळातल्या काहींचा विरोध होता. माहरुखबाईंची सही असेल, तर तो मावळणार होता.

“टेम्पोच्या मागोमाग जाऊ,” त्या म्हणाल्या. “वर बघते, मग सहीचं बोलू.”

“आपा, ऊन बघ केवढं हाय,” नासिर म्हणाला. पण त्याने जीप काढली.

शेवटच्या वाडीत राहीबाईचे दुकान होते. घराच्या पडवीतच फळ्या ठोकून मांडलेले. टेम्पो माल उतरवून परत निघाला होता. राहीबाईने तिघांना बाकावर बसवले आणि ऋत्विकच्या घामेजल्या शर्टाकडे बघत पाण्याचा तांब्या त्याच्याच हातात दिला.

“सायब दमले. जीपनं आले तरी दमले.”

“राहीबाई, आगोटीचं भरून झालं का?” माहरुखबाईंनी विचारले.

राहीबाईला हसू आले. “आता आगोट कोण भरतंय, बाई? सासू होती तवा चार महिन्यांचं घरात असायचं. मीठ, मिरची, सुकी मासळी, सगळं पाऊस लागायच्या आधी. आता फोन लावला की खालून टेम्पो येतो. उगाच उंदरांना कशाला पोसायचं?”

“आणि वाडीतली बाकीची घरं?”

“ती माझ्या जिवावर. मी गोदामाच्या जिवावर.”

“आणि रस्ता बंद पडला तर?”

“तर काय? गोदामवाल्यांची पोरं डोक्यावरून आणतात. मागल्या पावसात दरड आली तवा आणलं की. पोलादपूर काय लांब हाय का? पायवाटेनं उतरलं की झालं.”

माहरुखबाईंनी ऋत्विककडे पाहिले. तो तांब्या खाली ठेवत होता.

“ऐकलंस? या लोकांनी आगोट बंद केली नाही. ती खाली तुझ्या गोदामात नेऊन ठेवली. तू गोदाम उचललंस की दोन्ही जातील.”

“आम्ही विलंबाचा हिशेब केलाय, मॅडम. सरासरी अर्धा दिवस.”

“वर्षाची सरासरी. जानेवारीतल्या मोकळ्या रस्त्यावर तू जुलैची दरड पसरवून टाकलीस. या वाडीला जुलैत जुलैचंच जेवायला लागतं.”

“पनवेलहून?” राहीबाई मध्येच म्हणाली. “म्हंजे महाडात पाणी भरलं तर आमचं मीठ कुठं ऱ्हाणार?”

ऋत्विक अहवाल चाळू लागला. माहरुखबाईंचा फोन वाजला. त्या पडवीच्या टोकाला गेल्या. संस्थेचे संचालक होते. कंपनीचे लोक संध्याकाळी भेटणार, अध्यासनाची मुदत वाढवायची आहे, सही झाली ना, असे त्यांनी गोड आवाजात विचारले.

“कळवते,” एवढेच बोलून त्या परत आल्या. त्यांनी ऋत्विकच्या हातून अहवाल घेऊन शेवटचे पान उघडले. शिफारशीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले: गोदाम बंद करू नये, पावसाळ्यापूर्वी त्यात चार महिन्यांचा माल भरावा. मग सही केली.

“हे मी पुढे नेऊ शकत नाही,” ऋत्विक हळू म्हणाला. “ते दुसरा तज्ज्ञ आणतील, मॅडम.”

“आणू देत. माझं नाव हवं असेल, तर या वाक्यासकट घ्यायचं.”

जीप खाली उतरली. पोलादपूरला ऋत्विक आपल्या गाडीकडे निघाला. जाताना तो वाकून नमस्कार करू लागला, तेव्हा माहरुखबाईंनी त्याचा दंड धरून त्याला सरळ उभे केले. तो गेल्यावर नासिरने तोंड उघडले.

“चार गाड्या उभ्या हायत माझ्या. तुझी एक सही झाली असती तर चालल्या असत्या.”

“जुलैत त्या कुठे थांबल्या असत्या, नासिर?”

त्याने स्टिअरिंगवर बोटे वाजवली. “महाडच्या अलीकडं,” तो म्हणाला. “पाण्यात.” मग तुटकपणे, “मला बिरवाडीला काम हाय. तू महाडला एसटीनं जा.”

बिरवाडीची वाट महाडच्याच रस्त्याने होती, हे दोघांनाही माहीत होते. माहरुखबाई उतरल्या.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली आणि संचालकांचा फोन पुन्हा आला. या वेळी आवाज गोड नव्हता. सहीचे कंपनीला कळले होते आणि ती अध्यासन बंद करते आहे. प्रकृतीच्या कारणाने आपणच राजीनामा दिलात, तर सन्मानाने निरोप देता येईल, असे ते म्हणाले.

“माझी प्रकृती उत्तम आहे,” माहरुखबाई म्हणाल्या. “राजीनामा मी देणार नाही. तुम्ही काढा. आणि कारण लेखी द्या. मी ते वर्गात शिकवीन.”

“वर्ग कुठला, मॅडम?”

“तो मी बघेन.”

पुढच्या थांब्यावर एक बाई मिठाचे पोते घेऊन चढली. कंडक्टर कुरकुरला, वाटेत ठेवू नका, कुणी अडखळेल. बाई गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली. माहरुखबाईंनी आपली पर्स मांडीवर घेतली, पाय आखडून घेतले आणि पोते आपल्यासमोर ओढले. जागा जेमतेम होती. महाड येईपर्यंत त्या तशाच, गुडघे पोत्याला टेकवून, ताठ बसून राहिल्या.